आधी लॉगबुक, मग रस्ता

मी रोलर चालवतो. सत्तावीस वर्षं चालवतोय. एवढ्या काळात आमच्या खात्यातले मोठे साहेब अकरा वेळा बदलले, रोलर दोन वेळा बदलला आणि मी एकदाही बदललो नाही. यात मिरवण्यासारखं काही नाही हे मला आता कळतंय, पण वर्षभरापूर्वी भेटला असतात तर हेच मी तुम्हाला छाती फुगवून सांगितलं असतं.

रस्त्याच्या कामावर सगळ्यांना घाई असते. डंपरवाला हॉर्न वाजवत येतो, पेव्हरवाला त्याच्यावर खेकसत डांबर अंथरत पुढे जातो, फावडेवाले दोघांच्याही शिव्या खातात. रोलरवाला तेवढा वर बसून माणूस चालतो त्या वेगानं पुढे जातो आणि मागे येतो. त्याला घाई करायला सांगण्यात अर्थ नसतो, कारण रोलर घाई करूच शकत नाही. हळूहळू आपणही तसेच होतो. माझी बायको म्हणते की लग्न झालं तेव्हा मी बरा होतो.

आमच्याकडे रस्ता म्हणजे चार इंच डांबर. खड्डे पडले, घाला वर चार इंच. भेगा पडल्या, घाला चार इंच. साहेब बदलला, नव्या साहेबाची आठवण म्हणून घाला चार इंच. दर तीन-चार वर्षांनी रस्ता असा वर चढत जातो आणि दुकानं आहेत तिथेच राहतात. बाजारातल्या शिंप्याकडे पूर्वी दोन पायऱ्या चढून जावं लागायचं, आता एक पायरी उतरून जावं लागतं. तो मशीनवर बसला की रस्त्यावरून त्याचं टक्कल तेवढं दिसतं. त्यानं अर्ज केला, तर खात्यानं लेखी कळवलं की रस्ता नियमानुसार आहे, दुकानाची उंची तपासून घ्यावी.

या चार इंचांच्या राज्यात एक बाई आली आणि म्हणाली, एक इंच पुरे.

ती आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. प्रमुख म्हणजे काय, तर कार्यालयाच्या मागे, भंगाराच्या शेडला लागून एक खोली होती, तीत ही एकटी. खडी चाळायची, डांबर उकळायचं, गोळे करून यंत्रात दाबून फोडायचे आणि फुटायला किती जोर लागला ते लिहून ठेवायचं. कामावर आली की हातभर लांबीचा थर्मामीटर गरम डांबरात खुपसायची, म्हणून तिचं नाव पडलं थर्मामीटरबाई. तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचो. ती मला मामा म्हणायची; रोलरवाल्याला सगळेच मामा म्हणतात.

“मामा,” ती एकदा मला म्हणाली, “या रस्त्याची हाडं चांगली आहेत. फक्त कातडी गेलीय. कातडी गेली तर कातडी लावायची. त्याच्या अंगावर दुसरा माणूस कशाला बसवायचा?”

तिचा हिशेब असा होता: खालचा रस्ता भक्कम असेल तर वर एकच इंच द्यायचा, पण तो मन लावून द्यायचा. खडी बारीक आणि कणखर, डांबर जरा भारीतलं, खालचा रस्ता लख्ख झाडून त्यावर डांबराचा पातळ फवारा, म्हणजे नवी कातडी जुन्या अंगाला चिकटते. रस्ता उंच होत नाही, दुकानं बुडत नाहीत, आणि दहा वर्षं बघायला नको. नऊ वर्षं ती हे सांगत होती. नऊ वर्षं साहेब लोक हसत होते. एक इंचाचा रस्ता म्हणजे त्यांना कोटाला अस्तर नसल्यासारखं वाटायचं.

अकरावे मोठे साहेब आले आणि त्यांनी परवानगी देऊन टाकली. त्यांना काही पटलं होतं असं नाही. त्यांना वर्षभरात एक तरी ‘अभिनव प्रकल्प’ दाखवायचा होता आणि हा सगळ्यात लहान होता. बाजाराबाहेरचा चारशे मीटर तुकडा दिला. देताना सगळ्यांसमोर म्हणाले, “वर्षभर टिकला तर बाजारातले सगळे रस्ते असेच करू. उखडला तर प्रयोगशाळेला कुलूप, आणि मॅडम जुन्या फायलींच्या खोलीत.” आणि स्वतःच हसले. बाई हसली नाही. तिला साहेबांच्या विनोदातला कुठला भाग खरा असतो ते बरोबर कळायचं.

मग ती माझ्याकडे आली.

“मामा, तुमच्याकडे आठ मिनिटं असतील.”

“कशाला?”

“रोलर फिरवायला. चार इंचांचा थर तासभर गरम राहतो. हा पातळ आहे, लगेच थंड होतो. पेव्हर पुढे सरकला की तुम्ही त्याच्या पाठीलाच पाहिजे. आठ मिनिटांनी तुम्ही कितीही फिरलात तरी खडी बसणार नाही.”

मला राग आला. सत्तावीस वर्षं रोलर चालवणाऱ्या माणसाला ही मिनिटं शिकवणार! चार इंची थर पडला की आम्ही आधी चहा पितो, मग पेव्हरवाल्याशी वाद घालतो, मग चढतो. पण बाईनं वाद घातला नाही. प्रयोगशाळेच्या अंगणात एक लोखंडी पत्रा टाकला, त्यावर तिचं ते मिश्रण इंचभर पसरलं आणि माझ्या हातात जड धुम्मस दिलं. “अर्ध्या भागावर आत्ता ठोका.” मी ठोकलं. “आता थांबा.” थांबलो. दहा मिनिटांनी उरलेल्या अर्ध्यावर ठोकलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला पत्र्यावर टाच घासायला लावली. पहिला अर्धा भाग फरशीसारखा होता. दुसऱ्या भागातून खडी सुटून बुटाबरोबर घरंगळली.

त्या रात्री झोपताना मनात पेव्हरच्या मागे रोलर घेऊन जात होतो.

आता लॉगबुकाचं सांगतो, कारण पाणी मुरलंय ते तिथे.

प्रत्येक रोलरचं एक लॉगबुक असतं. रोलर किती वाजता सुरू केला, काम किती वाजता सुरू झालं, जेवण, काम बंद, डिझेल. ते चालकानं काम झाल्यावर भरायचं असं पहिल्या पानावर छापलेलं आहे. आम्ही ते सकाळी चहाबरोबर भरतो. मी एकटा नाही, सगळेच. कारण कार्यालयातला कारकून संध्याकाळी पाचला जागेवर दिसला तर लोक त्याची तब्येत विचारतात. त्याला भरलेली वही साडेनऊलाच टेबलावर लागते. म्हणून आम्ही दिवस उजाडला की संध्याकाळपर्यंतचा दिवस लिहून मोकळे होतो, आणि मग तो जगायला जातो. सत्तावीस वर्षांत माझं जेवण रोज एक वाजता झालेलं आहे. एकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला उचलून नेलं तेव्हाही वहीप्रमाणे मी जेवून कामावर परत आलो होतो.

त्या दिवशीही तेच केलं. बाईनं आदल्या दिवशी मला एक कागद दिला होता: डांबर अंथरणं दहा वाजून पाच मिनिटांनी, रोलर दहा वाजून दहा मिनिटांनी. मी ते अगदी सुवाच्य अक्षरात लॉगबुकात उतरवलं. मला वाटलं, बाईचं काम आहे, जरा नीट लिहावं.

दहाला उद्घाटन होतं. एक इंचाच्या रस्त्याला उद्घाटन कशाला, असं बाईनं विचारून बघितलं. साहेब म्हणाले, “मॅडम, रस्ता पातळ असला तरी कार्यक्रम जाडच लागतो.” मंडप पडला, खुर्च्या आल्या, कोनशिला आली. माझ्या रोलरला फिती आणि फुगे बांधले. प्रमुख पाहुणे रोलरवर बसून पहिली फेरी मारणार होते, आणि फोटोत त्यांच्या मागे काळाकुळकुळीत, वाफाळता रस्ता दिसायला हवा होता.

दहा वाजले. पाहुण्यांचा पत्ता नाही. डंपर ताडपत्री ओढून उभा होता.

“डंपर उघडू नका,” बाई म्हणाली. “झाकून ठेवला तर तास-दीड तास काही होत नाही. ते आले की अंथरू.”

साहेबांचा फोन वाजला. “निघालेत! पाच मिनिटांत पोचतात. अंथरा, अंथरा!”

पाच मिनिटांत पोचतो म्हणणारा माणूस तेव्हा अंघोळीत असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण साहेबांनी हात हलवला, पेव्हर सुरू झाला आणि साठ मीटर डांबर अंथरून थांबला. वाफ येत होती. फार सुंदर दिसत होतं. बाई धावत माझ्याकडे आली.

“मामा, चढा. आत्ता!”

मी चढलो. चावीला हात घातला.

“मामा!” साहेब मंडपातून ओरडले. “हलायचं नाही! पाहुणे बसणार आहेत.”

मी हात काढला.

इथे मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हे सांगायला हवं. चावी माझ्याच हातात होती. रोलर सुरू झाला असता तर साहेब काही त्याच्या पुढ्यात आडवे पडणार नव्हते. पण वर्षभरावर निवृत्ती आलेल्या माणसाचा हात साहेबांचा आवाज ऐकला की आपोआप मांडीवर येतो. मी फुग्यांच्या मधोमध नवरदेवासारखा बसून राहिलो आणि खाली बाई डांबरात थर्मामीटर खुपसून आकडे ओरडत होती. एकशे चाळीस. एकशे वीस. शंभर. पंच्याऐंशीनंतर तिनं ओरडणं थांबवलं. थर्मामीटर पुसला, डबीत ठेवला आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली.

पाहुणे दहा पंचावन्नला आले. आल्यावर भाषण केलं. म्हणाले, आमच्या विरोधकांची कातडी जाड आहे, आमचा रस्ता पातळ आहे! टाळ्या पडल्या. मग ते माझ्या शेजारी चढले, मला म्हणाले, “ब्रेक कुठे असतो याला?” आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिले. मी रोलर पुढे घेतला. थर गरम असताना ड्रमखाली तो दबतो आणि ते बसल्या जागी कळतं, कणीक मळताना हाताला कळतं तसं. त्या दिवशी खालून नुसती कर्रकर्र आली. दोन फुगे फुटले. पाहुण्यांनी दचकून माझा खांदा धरला, तोच फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला.

सव्वा-साडेअकराला मंडप रिकामा झाला. साहेब पाहुण्यांच्या गाडीमागे गेले. उरलो आम्ही, बाई आणि तीनशे चाळीस मीटर.

“चला मामा,” ती म्हणाली, “आता कुणी नाहीये.”

तसं काम मी आयुष्यात केलं नाही. गरम डंपर पाठोपाठ येत होते, पेव्हर एका लयीत सरकत होता, आणि मी त्याच्या पाठीला इतका चिकटून की पेव्हरवाला वळून वळून बघत होता. बाई घड्याळ घेऊन बाजूनं चालत होती. “पाच मिनिटं. चार. मामा, चार मिनिटं!” ती लहान मुलीसारखी ओरडत होती. कुणी चहा मागितला नाही. काम संपलं तेव्हा मी खाली उतरलो, नव्या रस्त्यावर तळहात टेकला आणि मला खूप आनंद झाला. सत्तेचाळीस रस्ते केले मी. हात लावून बघावासा वाटला तो हा एकच. जेवण तीनला झालं. वहीप्रमाणे एकला.

चार महिन्यांत पहिले साठ मीटर उखडले. आधी खडी सुटली, मग खळगे पडले, मग कोनशिलेसमोर एक असा खड्डा झाला की कोनशिला त्याचीच बसवली असावी असं वाटे. पुढच्या तीनशे चाळीस मीटरला ओरखडा नव्हता. पण वर्तमानपत्रवाल्यांनाही सावली लागते, आणि सावली कोनशिलेजवळ होती. फोटो आला, खाली लिहिलं होतं: ‘एक इंचाचा विकास’. साहेबांनी त्याच संध्याकाळी चौकशी समिती नेमली.

समिती तिघांची. अध्यक्ष दुसऱ्या विभागातले वयस्क साहेब, उरलेले दोघे त्यांची मान हलली की मान हलवायचे. पाहणीचा एक छापील तक्ता असतो. त्यात लिहिलेलं आहे की सुरुवातीपासून दर वीस मीटरला एक नमुना घ्यावा. आणि नमुने लिहायला चौकटी आहेत तीन. तर त्यांनी शून्य मीटरला नमुना काढला, विसाला काढला, चाळिसाला काढला, आणि चौकटी संपल्या.

“साहेब, पुढचा रस्ता बघा ना,” बाई म्हणाली. “साठच्या पुढे एक तरी नमुना घ्या.”

“घेऊ की,” अध्यक्ष म्हणाले, “पण लिहू कुठे?”

“बाजूला लिहा. मागच्या पानावर लिहा.”

“मॅडम, मागचं पान शेऱ्यांसाठी असतं.” मग ते मवाळ झाले. “बरं, आम्ही गाडीतून बघतो.”

गाडी साठ मीटर धडधडत गेली, तिघांची डोकी आपटली, आणि पुढे तीनशे चाळीस मीटर ती अशी गेली की अध्यक्षांना डुलकी लागली. चांगल्या रस्त्याचं हेच दुर्दैव आहे, तो कुणाला कळतच नाही.

सुनावणीत मला बोलावलं. टेबलावर माझं लॉगबुक उघडं होतं.

“हे अक्षर तुमचं?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो साहेब.”

“दहा पाचला डांबर अंथरलं, दहा दहाला रोलर फिरला. बरोबर?”

समोर बाई बसली होती. तिच्या वहीत मिनिटामिनिटाचं तापमान होतं, आणि रोलर दहा पंचावन्ननंतर फिरल्याचंही होतं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. मामा आहेत, मामा सांगतील, असं होतं. मी म्हणालो, “वहीत तसंच आहे साहेब.”

हे वाक्य खोटं नाही आणि खरंही नाही. असली वाक्यं सुचायला माणूस सत्तावीस वर्षं सरकारात असावा लागतो.

बाई शेजारी बसलेल्या आमच्या मोठ्या साहेबांकडे वळली. “साहेब, तुम्ही होतात ना तिथे?”

“मी पाहुण्यांच्या व्यवस्थेत होतो,” साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. पाहुणे तेव्हा यायचे होते, त्यामुळे व्यवस्था बहुधा रिकाम्या खुर्चीची चालली असावी.

अध्यक्षांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. “प्रयोगशाळेची वही एक सांगते, लॉगबुक दुसरं. मॅडमना आपला प्रयोग वाचवायचा आहे, ते समजू शकतो. पण या मामांना काय स्वार्थ आहे? साधा माणूस. रोलर वेळेवर फिरला, तरी थर उखडला. म्हणजे दोष थरातच आहे.” दोन माना हलल्या.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या करत होती. ऐकून घेतलं, तवा उतरवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“रोलर पुढेही जातो आणि मागेही जातो. तुमचं तोंडच का तेवढं उघडत नाही?”

“सात महिने राहिलेत. वही खोटी म्हटली तर नोकरी जाईल.”

“आणि त्या बाईची नऊ वर्षं गेली, त्यांचं काय?”

“तिला दुसरी खोली मिळेल.”

“फायलींची!” ती म्हणाली. “तुम्हाला रोलरवरून उतरवून कारकुनाच्या खुर्चीत बसवलं तर चालेल?” मग ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “जेवा. एक वाजलाय तुमच्या वहीत.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. अध्यक्ष आमच्या साहेबांच्या खोलीत चहा पीत होते, साहेबही होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वही सकाळी लिहिली होती, रोलर पाऊण तासाहून जास्त उभा होता, पहिले साठ मीटर थंड पडल्यावर दाबले, म्हणून तेवढेच उखडले. पुढचे मी गरम दाबले, ते बघा.

“वही आधी लिहिली? फक्त त्या दिवशी?”

“नाही साहेब. रोज.”

“किती वर्षं?”

“सत्तावीस.”

साहेबांनी कप खाली ठेवला. अध्यक्ष उठले, त्यांनी स्वतः दार लावलं आणि आवाज उतरवून विचारलं, “तुम्ही एकटेच?”

“सगळेच, साहेब. कारकुनाला साडेनऊला...”

“पुरे.” ते खुर्चीत बसले. मला वाटलं आता गेलो. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. साहेबांना भ्यालेलं मी प्रथमच बघितलं. “मामा, ही वही खोटी म्हटली तर बाकीच्या खऱ्या कशा म्हणायच्या? या खात्यातला एक तरी रस्ता कागदावर शिल्लक राहील का?”

“पण मॅडमचा थर...”

“मॅडमचा थर चारशे मीटर आहे हो! वह्या कपाटं भरून आहेत.” मग एकदम मायेनं म्हणाले, “निवृत्ती जवळ आली की होतं असं. घरी जा. चांगली झोप घ्या.”

अहवालात माझ्यासाठी एक वाक्य आलं. चालकाचे वय पाहता त्याची तोंडी निवेदने विश्वसनीय वाटत नाहीत, मात्र त्याच्या लॉगबुकातील नोंदी ग्राह्य धरण्यात येत आहेत. म्हणजे मी जे हातानं खोटं लिहिलं ते खरं, आणि तोंडानं खरं सांगितलं ते म्हातारपण. नोकरीला धक्का लागला नाही. उलट कारकुनानं सांगितलं की माझ्या वहीच्या नीटनेटकेपणाची तोंडी प्रशंसा झाली.

हुकूम निघाला: संपूर्ण चारशे मीटर थर खरवडून काढावा आणि त्या जागी चार इंची थर द्यावा. रोलरवर मीच. प्रयोगशाळेला महिनाअखेरीस कुलूप.

खरवडायचं यंत्र आलं. खाली फिरता ड्रम, त्याला ओळीनं पोलादी दात. पहिले साठ मीटर त्यानं अर्ध्या तासात खाल्ले, नुसत्या फावड्यानंही निघाला असता तो माल. एकसष्टाव्या मीटरला यंत्र ओरडायला लागलं. मग थांबलं. यंत्रवाला खाली वाकला, तुटलेला दात हातात घेऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, “मामा, खाली काय लोखंड घातलंय का?”

एका दिवसाचं काम होतं, चार दिवस चाललं. रोज दात तुटत होते. मी बाजूला रोलरवर बसून बघत होतो, आणि दात तुटला की मला बरं वाटत होतं आणि लगेच रडू येत होतं.

यंत्रवाल्यानं मुदतवाढ मागितली. खात्यानं सांगितलं, थर जास्त कठीण असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला आणा. तो बिचारा दाखला मागायला गेला आणि बाईनं दिला. शेवटच्या आठवड्यात, अर्धी कपाटं आवरलेली असताना, तिनं साठच्या पुढचे बारा नमुने काढले, फोडले, आकडे लिहिले आणि खाली लिहिलं की हा थर अपेक्षेपेक्षा दीडपट टिकाऊ आहे. साहेबांनी न वाचता सही केली. आता त्या फायलीत बाराव्या पानावर लिहिलंय की थर चार महिने टिकू शकला नाही, आणि एकतिसाव्या पानावर लिहिलंय की तो चार दिवस तुटू शकला नाही. दोन्हीकडे सही एकाच पेनाची आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी बाई कामावर आली. हातात थर्मामीटर नव्हता. यंत्र शेवटचे दहा-वीस मीटर खरवडत होतं. मी उतरून तिच्याजवळ गेलो.

“मॅडम, मी सांगायला गेलो होतो. नंतर. उशिरा.”

“वाचलं अहवालात,” ती म्हणाली.

माफी कशी मागतात ते मला माहीत नाही, कधी वेळ आली नव्हती. यंत्राचा आवाज इतका होता की बोलायला ओरडावं लागत होतं. तिनं खरवडलेल्या ढिगातून एक ढेकूळ उचललं, दोन्ही हातांनी तोडून बघितलं, ते तुटलं नाही. मग माझ्या कानाशी येऊन ती ओरडली:

“मामा, रोलिंग फार सुंदर केलं होतंत तुम्ही!”

आणि ढेकूळ ढिगावर ठेवून, हात झटकत निघून गेली. ती चिडून बोलली नव्हती, टोमणाही नव्हता. तिनं नमुने फोडून बघितले होते, आकडे आले ते सांगितले. चार शिव्या दिल्या असत्या तर मी निमूटपणे खाल्ल्या असत्या आणि घरी जाऊन जेवलोही असतो. त्या दिवशी जेवलो नाही.